पाळी आली नाही, आणि रिपोर्टात ‘एक्सवाय’ आलं: एआयएस समजून घेताना

माझी भाची सोळा वर्षांची झाली तरी तिला पाळी आली नव्हती. घरात कुणी फार मनावर घेतलं नाही. तिच्या आजीला म्हणे सतराव्या वर्षी आली होती, तेव्हा ‘आपल्याकडे उशिराच येते’ यावर सगळ्यांचं समाधान. उंची चांगली, छाती भरलेली, तब्येत ठणठणीत. मग तालुक्याच्या डॉक्टरांनी पाळी आणायच्या गोळ्या दिल्या. पाच दिवस गोळ्या घ्यायच्या, आठवडाभर वाट बघायची, काही झालं नाही की पुढच्या महिन्यात परत. असे आठ महिने गेले. मुळात गर्भपिशवी आहे का, हे त्या आठ महिन्यांत कुणी बघितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

पुढे जे निघालं त्याचं नाव अँड्रोजेन इनसेन्सिटिव्हिटी सिंड्रोम. डॉक्टर त्याला एआयएस म्हणतात. थोडक्यात, गुणसूत्रं मुलग्यांसारखी ‘एक्सवाय’ असतात (मुलींची सहसा ‘एक्सएक्स’), आत वृषण असतात, पण पुरुषी हार्मोनला शरीर दाद देत नाही. मी डॉक्टर नाही. पण बहीण नोकरीत अडकलेली आणि मेहुणे या विषयावर बोलायला कचरणारे, म्हणून ओपीडीच्या रांगेत बसायचं, केसपेपर सांभाळायचे आणि डॉक्टरांना प्रश्न विचारायचे हे काम मावशीकडे आलं. त्यातून जे शिकले ते पायरीपायरीने मांडते. भाचीला विचारून लिहिलं आहे. तिने हा मजकूर वाचला आणि त्यातल्या दोन ओळी खोडल्या. त्या इथे नाहीत.

पायरी पहिली: घाई कुठे आहे आणि कुठे नाही, ते आधी ओळखा

रिपोर्ट हातात पडला की सगळ्यांना घाई सुटते. ऑपरेशनची घाई, नातेवाइकांना सांगायची किंवा लपवायची घाई, ‘लवकर लग्न उरकून टाका’ म्हणणाऱ्यांची घाई. एआयएसमध्ये यातल्या कशाचीच गरज नसते. मुलगी काल जशी होती तशीच आज आहे.

खरी घाई दोन ठिकाणी असते. बाळ जन्मलं आणि मुलगा की मुलगी हे बघून नीट कळत नाही, अशा वेळी ते एआयएस असेलच असं नाही. ‘सीएएच’ नावाचा अधिवृक्क ग्रंथींचा, म्हणजे मूत्रपिंडांवर असलेल्या ग्रंथींचा, आजारही असू शकतो. त्याच्या एका प्रकारात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अंगातलं मीठ उतरून बाळ दगावू शकतं. म्हणून अशा बाळाचं सोडियम, पोटॅशियम आणि सीएएच ओळखणारी ‘१७-ओएचपी’ ही तपासणी ताबडतोब झाली पाहिजे. दुसरं म्हणजे जांघेतली गाठ अचानक कडक झाली, दुखायला लागली, बाळ उलट्या करायला लागलं, तर तडक दवाखाना गाठायचा. हे दोन प्रसंग सोडले तर तुमच्याकडे वेळ आहे, आणि तो वापरावा.

पायरी दुसरी: संशय कधी घ्यायचा

एआयएस लक्षात येतं ते बहुतेक तीन वळणांवर.

पहिलं तान्हेपणी. मुलीच्या जांघेत, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना, गाठ दिसते. डॉक्टर अंतर्गळ म्हणतात, हर्नियाचं ऑपरेशन ठरतं आणि टेबलावर कळतं की पिशवीत आतडं नाही, वृषण आहे. दोन्ही बाजूंना हर्निया असलेल्या शंभर मुलींमध्ये एखाद-दुसरीला पूर्ण एआयएस असतं. आकडा लहान आहे, पण मुलीचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला आधीच सांगून ठेवा: ‘आत वेगळं काही दिसलं तर काढू नका. आत ठेवा, आम्हाला सांगा, मग बघू.’ हे वाक्य तोंडी सांगा आणि संमतिपत्रावर लिहूनही द्या.

दुसरं वळण आमचं. छाती नेहमीसारखी वाढली, पण पाळी नाही. काखेत आणि खाली केस नाहीत किंवा अगदी विरळ. आमच्या घरी याचं कौतुकच व्हायचं, ‘वॅक्सिंगचा खर्च वाचला’ म्हणून! पंधरा वर्षं पूर्ण होऊन पाळी नसेल, किंवा छाती वाढायला लागून तीन वर्षं उलटूनही नसेल, तर आणखी वाट बघू नका. तेराव्या वर्षापर्यंत छाती वाढायला सुरुवातच झाली नसेल तरीही दाखवा, मात्र त्याची कारणं बहुधा वेगळी असतात.

तिसरं वळण जन्माच्याच वेळचं. बाळाची बाह्य जननेंद्रियं ठरावीक साच्यातली दिसत नाहीत. हा अर्धवट, म्हणजे पार्शल एआयएसचा प्रकार असू शकतो. त्याबद्दल पुढे.

पायरी तिसरी: शरीरात काय घडलं, ते नीट समजून घ्या

इथे वेळ द्या. आमच्या घरातल्या निम्म्या भांडणांचं मूळ हे न समजण्यात होतं.

गर्भ पहिले सहा-सात आठवडे मुलगा-मुलगी दोन्हींचा सारखाच असतो. वाय गुणसूत्रावरच्या एका जनुकाच्या सांगण्यावरून त्यातल्या ग्रंथींचे वृषण होतात. वृषण दोन हार्मोन सोडतात. एक टेस्टोस्टेरॉन, ज्यामुळे पुढे बाह्य अवयव मुलाचे होतात. दुसरं एएमएच, ज्याचं काम एवढंच की गर्भपिशवी, बीजवाहिन्या आणि योनिमार्गाचा वरचा भाग तयार होऊ द्यायचा नाही.

एआयएसमध्ये वृषण आपलं काम चोख करतात. टेस्टोस्टेरॉन तयार होतं, रक्तात फिरतं, पण शरीराच्या पेशी त्याला दाद देत नाहीत. दाद देण्यासाठी पेशीत जो ग्राहक, म्हणजे रिसेप्टर लागतो, तो बनवणाऱ्या जनुकात बिघाड असतो. एएमएचला मात्र शरीर व्यवस्थित दाद देतं. म्हणून बाहेरून पूर्ण मुलीचं शरीर, आत गर्भपिशवी नाही, योनिमार्ग कमी लांबीचा आणि वर बंद, आणि पोटात किंवा जांघेत वृषण, अशी रचना होते.

मग छाती कशी वाढली? हा प्रश्न माझ्या बहिणीने तीन डॉक्टरांना विचारला. उत्तर सोपं आहे. शरीरात अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं. एआयएसमध्ये टेस्टोस्टेरॉनचा स्वतःचा काही उपयोग होत नाही, पण त्यातून झालेल्या इस्ट्रोजेनला शरीर पूर्ण प्रतिसाद देतं. भाचीची छाती वाढली, हाडं वाढली ती तिच्या स्वतःच्या वृषणांमुळे. हे लक्षात ठेवा, कारण ‘काढून टाका’ म्हणणारा कुणीतरी लवकरच भेटणार आहे.

प्रकार तीन आहेत. पूर्ण म्हणजे कम्प्लीट एआयएस, ज्यात शरीर अजिबात दाद देत नाही. अर्धवट म्हणजे पार्शल, ज्यात थोडीफार देतं आणि त्या प्रमाणात शरीराची ठेवण कुठेतरी मधली असते. आणि सौम्य, ज्यात बाह्यतः पुरुष असलेल्या व्यक्तीला छाती वाढणं किंवा मूल न होणं एवढाच त्रास असतो. पूर्ण एआयएस किती जणींना असतं याचे अंदाज अभ्यासानुसार बदलतात: एक्सवाय गुणसूत्रं असलेल्या २० हजार ते ९९ हजार जन्मांमागे एक.

जुन्या पुस्तकांत ‘टेस्टिक्युलर फेमिनायझेशन’ असा शब्द सापडेल. येल विद्यापीठातले स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन मॉरिस यांनी १९५३ मध्ये ८२ जणींची माहिती एकत्र मांडली, तेव्हापासून तो रुळला. आता तो वापरत नाहीत. कुणी वापरला तर त्यांचं वाचन कधी थांबलं ते समजून घ्या.

आणखी एक वाक्य तुमच्या कानावर पडेल: ‘जेनेटिकली ती मुलगाच आहे.’ एका ज्युनिअर डॉक्टरने हे आम्हाला ऐकवलं, तेही भाचीसमोर. हे वाक्य क्रूर तर आहेच, शिवाय चूक आहे. गुणसूत्रं म्हणजे माणूस नव्हे. पूर्ण एआयएस असलेल्या जवळपास सगळ्याजणी स्वतःला मुलगी समजूनच वाढतात आणि बाई म्हणून जगतात. मी त्या डॉक्टरला एवढंच म्हटलं, ‘तिचं नाव केसपेपरवर आहे, त्या नावाने बोला.’

पायरी चौथी: तपासण्या, आणि त्यांचा क्रम

सुरुवात साध्या सोनोग्राफीने होते. रिपोर्टात ‘गर्भाशय लहान आहे’ असं लिहिलेलं असेल तर त्यावर थांबू नका. नसलेली गर्भपिशवी ‘लहान’ म्हणून लिहिली जाते, असं आमच्याच बाबतीत झालं. अनुभवी रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा करून घ्या किंवा एमआरआय करा. कमी वयाच्या मुलीची सोनोग्राफी पोटावरूनच होते. आतून करायची गरज नाही, आणि कुणी सुचवलं तर नाही म्हणा.

रक्ताच्या तपासण्यांत एलएच आणि एफएसएच (मेंदूतल्या ग्रंथीची हार्मोन), टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच प्रकार) आणि एएमएच येतात. वयात आलेल्या मुलीत टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या पातळीचं किंवा त्याहून जास्त आणि एलएचही वाढलेलं असेल, तर एआयएसचा संशय पक्का होत जातो. लहान मुलीत हे हार्मोन मुळातच कमी असतात. तेव्हा वृषणांना चालना देणाऱ्या एचसीजी या हार्मोनची इंजेक्शनं देऊन वृषण काम करतात का ते पाहतात.

मग कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी. रक्त हिरव्या झाकणाच्या नळीत घेतात, पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात, म्हणून रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. ‘४६, एक्सवाय’ आलं तरी ते एआयएसच असं नाही. ५-अल्फा रिडक्टेज आणि १७-बीटा एचएसडी या एन्झाइमांच्या कमतरता आणि स्वायर सिंड्रोम (ज्यात वृषण नीट तयारच होत नाहीत) यांतही तोच आकडा येतो, आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. ५-अल्फा रिडक्टेजच्या कमतरतेत वयात येताना शरीर पुरुषाकडे झुकू शकतं, म्हणून हा फरक फार मोलाचा. उलट ‘४६, एक्सएक्स’ आलं आणि गर्भपिशवी नाही, तर एमआरकेएच नावाची वेगळीच गोष्ट असू शकते, ज्यात बीजांडकोश असतात पण गर्भपिशवी तयार झालेली नसते.

शेवटचा शिक्का जनुकीय तपासणीचा. अँड्रोजेन रिसेप्टरचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि त्यात आजवर हजाराहून अधिक वेगवेगळे बदल सापडले आहेत. पूर्ण एआयएसमध्ये हा बदल बहुतेक वेळा सापडतो, अर्धवट प्रकारात अनेकदा सापडत नाही. खर्च ऐकून आम्ही महिनाभर टाळाटाळ केली. पण आमच्या डॉक्टरांनी पटवून दिलं की एकदा बदल कळला की घरातल्या इतरांना फक्त तेवढाच एक बदल शोधावा लागतो आणि त्यांचा खर्च वाचतो. तसंच झालं.

पायरी पाचवी: योग्य डॉक्टर कुठे मिळतील

एकटा स्त्रीरोगतज्ज्ञ पुरत नाही. एकटा सर्जन तर नाहीच. तुम्हाला हवी आहे हार्मोनच्या डॉक्टरांनी, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, चालवलेली टीम. मूल अठराच्या आतलं असेल तर बालरोगातला एंडोक्रायनॉलॉजिस्ट. त्यांच्यासोबत स्त्रीरोगतज्ज्ञ, बालशल्यचिकित्सक, जनुकतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ. विचारताना ‘डीएसडी’ हा शब्द वापरा. लिंगविकासातल्या अशा सगळ्या वेगळेपणांना २००६ पासून डॉक्टर हे नाव वापरतात, आणि ‘इथे डीएसडीचे पेशंट बघतात का?’ असं विचारलं की चौकशी खिडकीवर लांबण लावावं लागत नाही.

महाराष्ट्रात परळ हा एक भागच या कामासाठी पुरेसा आहे. केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे, लहान मुलांसाठी वाडिया रुग्णालय आहे, आणि आयसीएमआरची राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थाही परळमध्येच आहे. पुण्यात जहांगीर रुग्णालयातल्या बाल-एंडोक्रायनॉलॉजी विभागाचं काम नावाजलेलं आहे. गोव्यातल्या लोकांना बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून सुरुवात करता येईल. राज्याबाहेर दिल्लीचं एम्स, चंडीगडचं पीजीआय, लखनौचं एसजीपीजीआय आणि वेल्लोरचं सीएमसी. जवळ काहीच नसेल तर ‘इंडियन सोसायटी फॉर पीडियाट्रिक अँड अडोलसन्ट एंडोक्रायनॉलॉजी’ या संघटनेच्या सदस्यांमध्ये तुमच्या भागातलं कुणी आहे का ते पाहा. परदेशातल्या मराठी कुटुंबांनीही ‘डीएसडी टीम’ हाच शब्द वापरावा. ब्रिटनमध्ये जीपीच्या, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या, चिठ्ठीवर अशा टीमकडे पाठवतात.

सरकारी रुग्णालयाला नाक मुरडू नका. गर्दी आहे, लांबच लांब रांगा आहेत, सकाळी साडेसातला केसपेपरच्या खिडकीवर उभं राहावं लागतं. पण असे पेशंट त्यांनी पाहिलेले असतात. खासगीत आम्हाला भेटलेल्या एका डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांच्या पंचवीस वर्षांत ही पहिलीच मुलगी. त्यांनी मोकळेपणाने पुढे पाठवलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. कोणती योजना लागू होते, कोणती तपासणी सवलतीत होते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून शाळा-अंगणवाडीत तपासणी होते आणि जिल्हा पातळीवर पुढे पाठवलं जातं, तोही रस्ता आहे.

पायरी सहावी: पहिल्या भेटीला जाताना

एक फाईल करा आणि तीत सगळं तारखेप्रमाणे लावा. जुन्या हर्नियाच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड असेल तर ते सगळ्यात वर. काही काढलं असेल तर त्याचा बायॉप्सी रिपोर्ट. आईच्या बाजूच्या बायकांची माहितीही लिहून न्या: कुणाला पाळी आली नव्हती, कुणाला मूल झालं नाही, कुणाचं लहानपणी जांघेचं ऑपरेशन झालं होतं.

प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण आत गेल्यावर डोकं रिकामं होतं. आमचे प्रश्न असे होते: हे एआयएसच कशावरून? पूर्ण की अर्धवट? असे किती पेशंट तुम्ही पाहता? आत्ता काही करायलाच हवं का, आणि नाही केलं तर काय होईल? मुलीशी एकटीने कोण बोलेल? शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर गडबडले तर टीममध्ये मानसतज्ज्ञ नाही असं समजा आणि तो बाहेरून शोधा.

आणि तपासणीबद्दल. शिकवणाऱ्या रुग्णालयात एका मुलीभोवती आठ विद्यार्थी उभे राहतात. त्यांनाही शिकायचं असतं, हे मान्य. पण ‘फक्त डॉक्टर आणि एक सिस्टर, बाकीचे बाहेर’ असं म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि तसं म्हटलं म्हणून उपचार थांबत नाहीत. फोटोला लेखी परवानगीशिवाय हो म्हणू नका. दर भेटीला खालची तपासणी लागत नाही; ती का हवी आहे ते विचारा. भाची म्हणाली, तिला रिपोर्टपेक्षा त्या पडद्यामागच्या पाच मिनिटांचा जास्त त्रास झाला.

पायरी सातवी: ‘काढून टाका’ म्हटलं तर

पूर्वी निदान झालं की वृषण काढून टाकायचे, अशीच रीत होती, कारण कॅन्सरची भीती. ती खोटी नाही, पण तिचं माप समजून घ्या. पूर्ण एआयएसमध्ये वयात येण्यापूर्वी हा धोका फार कमी, एक-दोन टक्क्यांच्या आत धरतात. प्रौढपणी तो वाढतो. किती, यावर अभ्यासांचे आकडे बरेच वेगवेगळे आहेत. जुन्या अहवालांत ते जास्त दिसतात. म्हणून आता बहुतेक तज्ज्ञ वयात येईपर्यंत वृषण ठेवायला सांगतात, म्हणजे छाती आणि हाडं शरीराच्या स्वतःच्या हार्मोनवर वाढतात. त्यानंतर काय करायचं ते त्या मुलीने, सगळं समजून घेऊन ठरवायचं. काही जणी काढून घेतात, काही ठेवतात आणि दर वर्षी सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात. देखरेख अचूक नसते, अगदी सुरुवातीचा बदल एमआरआयमध्ये सुटू शकतो, हेही तिला सांगायला हवं. अर्धवट एआयएसमध्ये वृषण पोटात असतील तर धोका बराच जास्त, तिथे हिशेब वेगळा.

आम्हाला एका सर्जननी ‘परवा ॲडमिट करा’ म्हटलं होतं. भाचीची बारावी तोंडावर होती. आम्ही दुसरं मत घेतलं, तिने परीक्षा दिली, आणि निर्णय तिने एकोणिसाव्या वर्षी घेतला. कोणता, ते तिचं तिच्यापाशी.

वृषण काढले तर इस्ट्रोजेन बाहेरून घ्यावं लागतं, साधारण पन्नाशीपर्यंत, रोज, न चुकता. गोळ्या आणि जेल आपल्याकडे सहज मिळतात. गर्भपिशवी नाही, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉनची गरज सहसा नसते. कुणी दोन्ही हार्मोनची एकत्र गोळी लिहून दिली तर कारण विचारा. गोळ्या मधेच सोडल्या तर सगळ्यात आधी हाडं मार खातात आणि ते वीस वर्षं कळत नाही. म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन अधूनमधून, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम पुरेसं, आणि चालणं-व्यायाम. काढल्यावर ‘आता सगळं झालं’ म्हणून डॉक्टरांकडे जाणंच बंद करणाऱ्या मुली असतात. त्यांना परत आणणं अवघड जातं, असं सिस्टर सांगत होत्या.

योनिमार्गाबद्दल आयांना सगळ्यात जास्त काळजी असते आणि त्या सगळ्यात कमी बोलतात. लांबी वाढवायची असेल तर पहिला उपाय डायलेटर: वाढत्या आकाराच्या नळ्या, रोज थोडा वेळ, काही महिने. शस्त्रक्रिया क्वचित लागते. लहान मुलीवर यातलं काहीही करायचं नसतं. मोठी झाल्यावर, तिला स्वतःला हवं असेल तेव्हा आणि तरच. बऱ्याच जणींना कशाचीच गरज पडत नाही. ‘लग्न ठरलंय, महिन्यात करून द्या’ ही मागणी डॉक्टरांकडे नेहमी येते, आणि ती जवळपास नेहमी मुलीची नसते.

पायरी आठवी: मुलीला सांगणं

पूर्वी डॉक्टरच आईबापांना सांगायचे, ‘तिला सांगू नका.’ मग मुली तिशीत कुठल्यातरी जुन्या फाईलमधून स्वतः शोधून काढायच्या. स्पेनची अडथळ्यांच्या शर्यतीची धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो हिला १९८५ मध्ये कोबेच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत गुणसूत्रांच्या चाचणीत समजलं. तिला दुखापतीचं नाटक करायला सांगितलं गेलं. पुढे बातमी फुटली, तिची पदकं आणि विक्रम गेले. तिने लढून १९८८ मध्ये पुन्हा धावायची परवानगी मिळवली. तिलाही पूर्ण एआयएस. तुमची मुलगी खेळाडू असेल तर स्पर्धेचे नियम डॉक्टरांसोबत आधीच वाचा.

सांगायचं ते एका बैठकीत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलीला ‘तुझ्या पोटात बाळाची पिशवी नाही, तू आई होशील ती वेगळ्या पद्धतीने’ एवढं पुरतं. वर्गात पाळीची चर्चा सुरू व्हायच्या आधी पाळी येणार नाही हे कळलेलं असावं, नाहीतर ती दर महिन्याला वाट बघत बसते. गुणसूत्रांचं आणि वृषणांचं बारा-चौदाच्या सुमारास, मानसतज्ज्ञाच्या मदतीने. आमच्यासारखं उशिरा कळलं तर सगळंच एकदम येतं. भाचीने पहिले चार दिवस कुणाशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी तिने मला विचारलं, ‘मावशी, म्हणजे मला पॅड कधीच घ्यावे लागणार नाहीत?’ आणि आम्ही दोघी हसलो, मग रडलो.

नातेवाइकांपैकी कुणाला कळावं, ते तिने ठरवायचं. हळदीकुंकवाच्या बायकांना उत्तर देणं हे तुमचं काम नाही.

पायरी नववी: आजोळ

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि एक्सवाय मुलाला एक्स आईकडूनच मिळतं, म्हणून हा बदल सहसा आईकडून येतो. वाहक आईला, म्हणजे जिच्या दोनपैकी एका एक्सवर हा बदल आहे तिला, काही त्रास नसतो. तिच्या प्रत्येक गरोदरपणात चार शक्यता सारख्या: एआयएस असलेलं मूल, वाहक मुलगी, वाहक नसलेली मुलगी, आणि नेहमीसारखा मुलगा. साधारण तीनातल्या एका घरात मात्र आई वाहक नसते, बदल त्या गर्भातच नव्याने घडलेला असतो. आईला ‘तुझ्याकडून आलं’ असं सुनावणारे सासरचे असतातच. त्यांना हा आकडा जरूर सांगा.

बहीण वाहक निघाली, तेव्हा माझीही तपासणी झाली. मीही निघाले. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. आमच्या आईची एक मावशी होती, जिला कधी मूल झालं नाही आणि जिला नवऱ्याने माहेरी आणून सोडलं. तिला पाळी येत नव्हती, एवढंच आई दबक्या आवाजात सांगते. आता विचारायला ती मावशी नाही.

म्हणून मुलीच्या सख्ख्या बहिणींची आणि मावश्यांची तपासणी करून घ्या, मावसबहिणींचीही विचारपूस करा. गरोदरपणातल्या तपासणीविषयी फक्त नोंदणीकृत जनुकीय समुपदेशन केंद्रात बोला. १९९४ च्या गर्भलिंगनिदान कायद्यामुळे तिथे काय करता येतं आणि काय नाही, हे तेच नीट सांगतील.

अर्धवट एआयएसच्या बाळाबद्दल

इथे माझा अनुभव नाही, पण ओपीडीत अशा आया भेटल्या. बाळाचं लिंग कागदावर काय लिहायचं, या प्रश्नाचा दबाव बारशाआधीच सुरू होतो. टीमने तपासण्या करून सल्ला दिला की तसं वाढवता येतं, त्यासाठी कापाकापी लागत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये इंटरसेक्स, म्हणजे शरीर मुलगा-मुलगी या ठरावीक साच्यात न बसणाऱ्या, बाळांवरच्या अशा ‘सुधारणा’ शस्त्रक्रियांना मनाई करायला सांगितलं आणि त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने, जिवावर बेतलं असेल तर सोडून, तसा आदेश काढला. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांशी बोलतानाही या निकालाचा उल्लेख करा. मूल मोठं होऊन स्वतःबद्दल वेगळं काही सांगू शकतं. तेव्हा न कापलेलं शरीर त्याच्या उपयोगी पडतं.

लग्न, मूल आणि कागद

स्वतःच्या बीजांडातून मूल होणं शक्य नाही, कारण बीजांडकोश नाहीत. दत्तक घेता येतं. ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक-प्राधिकरणाच्या नियमांत एकट्या बाईलाही घेता येतं, आणि जोडप्याचं लग्न किमान दोन वर्षांचं असावं लागतं.

स्थळं येतील. लपवून लग्न करू नका, हे मी नीतीपेक्षा व्यवहारासाठी सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये महत्त्वाची गोष्ट लपवून केलेलं लग्न रद्द करून मागता येतं. ते भोगायला लागतं मुलीलाच. कांदेपोह्यांच्या दिवशी सगळं सांगायचं नाही. पण मुलगा मुलीला आवडला, दोन-चारदा बोलणं झालं, की साखरपुड्याआधी तिने स्वतः सांगावं, आणि त्याला डॉक्टरांकडे सोबत न्यावं. भाचीचं लग्न ठरलेलं नाही. ती सध्या बंगळुरूला नोकरी करते.

अठरा पूर्ण झाल्यावर बालविभागातून मोठ्यांच्या विभागात बदली होते, आणि नेमकी तिथे फाईल हरवते. जाताना सगळ्या रिपोर्टांच्या दोन प्रती काढा, एक मुलीकडे द्या आणि जनुकीय रिपोर्टचा फोटो तिच्याच फोनमध्ये ठेवा. भाची बंगळुरूला गेली तेव्हा फाईल माझ्याच कपाटात राहिली होती. कुरिअरने पाठवली, वर पानाच्या रंगाचं कव्हर घालून, कारण जुन्यावर माझ्या हस्ताक्षरात मोठ्या अक्षरांत ‘पाळी’ लिहिलेलं होतं आणि ते तिला नको होतं.